हा तवा परत गाडीत टाक

हा तवा परत गाडीत टाक, क्लेटस.
नांगराचा आहे, जुना आहे, फुकटात मिळालाय,
सगळं कबूल. पण याला कडी
मी जोडून देणार नाही.
पोर चौदाची, हातात पहिली रायफल,
आणि तू तिच्यासमोर हे टांगणार?

आत ये. बूट झटक आधी,
मस्केलशेलचा चिखल माझ्या दुकानात पुरेसा आहे.

दाराशी टेकवलेल्या त्या पत्र्यावरून बोट फिरव.
साधं लोखंड. पुलाच्या कामातलं उरलेलं.
एका उन्हाळ्यात नॉरिसनं त्यावर
तीनेकशे गोळ्या झाडल्या.
बघ, देवीच्या वणांसारखं तोंड झालंय त्याचं.
मऊ लोखंड गोळी पचवत नाही रे,
वाटी करून झेलतं,
आणि वाटीत पडलेलं
काठाला वळसा घालून
आल्या वाटेनं परत निघतं.

नॉरिस, माझा भाऊ.
चर्चच्या जेवणात टेबलाच्या डाव्या टोकाला बसतो,
म्हणजे सगळी माणसं त्याच्या उजवीकडे येतात.
का, ते तू कधी विचारलं नाहीस. बरं केलंस.
तांब्याचं टरफल होतं,
जोंधळ्याच्या दाण्याहून लहान.

हे उचल. दोन्ही हातांनी.
करंगळीएवढंच जाड, पण पाचशे नंबरचं पोलाद,
कानस याच्यावरून नुसती घसरते.
यावर गोळीचं पीठ होतं
आणि पीठ कडेकडेनं उधळतं.
म्हणून सरळ टांगायचं नाही.
गुरं पाण्यावर मान घालतात ना,
तेवढं पुढे झुकलेलं हवं,
म्हणजे सांडायचं ते खालच्या गवतात सांडेल.

याला मीसुद्धा टॉर्च लावत नाही.
एकेचाळीस वर्षं जोडकाम केलं,
पण हे तापवलं की आपला कणखरपणा विसरतं,
निळा डाग पडतो,
आणि पुढची वाटी नेमकी त्या डागावर.
भोकं बिलिंग्जला जाऊन पाण्याच्या धारेनं पाडून आणते.
साखळीही नको. आगीच्या बंबाचा जुना पाइप
कापून पट्टे केलेत, ते घे.

किंमत ऐकून टोपी काढलीस.
डोकं खाजव. मी थांबते.

शंभर यार्ड. टेपनं मोज, पावलांनी नाही,
संध्याकाळ झाली की तुझी पावलं आखडतात,
कुंपण घालताना पाहिलंय मी.
चष्मा पोरीला, तुला,
नुसत्या बघायला आलेल्या शेजाऱ्यालाही.
कुत्रा गाडीत.
प्रत्येक नव्या डब्यातल्या गोळीला चुंबक लाव,
चिकटली, तर ती या पोलादासाठी नाही.
आणि कधी एखादा खळगा दिसला,
खपलीएवढा का होईना,
तर उलटं करून वापरू नको.
माझ्याकडे आण. दाराशी अजून जागा आहे.

एक सांगते.
रविवारी तुमच्या कुरणाकडून आवाज येतील
तेव्हा नॉरिस भांडी पुसत असेल.
बार ऐकला की त्याचा हात थांबतो.
मग मधली ती रिकामी जागा,
अर्धा श्वास, जेमतेम,
आणि टण्ण. लांब, स्वच्छ,
देवळातल्या घंटेला कुणी नखानं टिचकी मारावी तसं.
मग पुन्हा फडकं फिरायला लागतं.

मऊ लोखंड असं बोलत नाही.
ते थप्प म्हणतं, ओल्या पोत्यासारखं.
तो आवाज मला आला ना, क्लेटस,
तर मी आहे त्या ॲप्रनवर गाडी काढीन.

पांढरा रंग त्या फळीवर आहे.
दर खेपेला पोरीलाच फासायला लाव,
आपण कुठे मारलं होतं
ते तिला जवळ जाऊन दिसू दे.
नाव काय म्हणालास तिचं?
मेरिट. बरं.
मेरिटला सांग, आर्डिथनं पट्टे कापलेत.

आणि तवा घेऊन जा म्हटलं ना.
कोंबड्यांना पाणी ठेव त्यात.